गच्चीवरची बाग आणि गच्चीचा भार

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दोन विषय, कार्यक्रमपत्रिकेवर असोत वा नसोत, निघाल्यावाचून राहत नाहीत. एक वाहने उभी करण्याच्या जागेचा आणि दुसरा गच्चीच्या गळतीचा. गेल्या काही वर्षांत त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. कोणी सभासद उठतो आणि गच्चीवर बाग करावी अशी सूचना मांडतो. मे महिन्यात ज्यांच्या डोक्यावर स्लॅब भट्टीसारखा तापतो ते वरच्या मजल्यावरील सभासद तिला तत्काळ अनुमोदन देतात. गमतीचा भाग असा की, सूचनेला कडाडून विरोध करणारेही बहुधा वरच्याच मजल्यावरचे असतात; कारण जुलैत ओल उमटते ती त्यांच्याच छताला. मग सचिव विषय पुढील सभेवर ढकलतात आणि चहा येतो.

या कोंडीतून वाट काढणारी म्हणून एक वस्तू आता बाजारात आली आहे. गच्चीवर सलग माती पसरण्याऐवजी सुट्या ट्रेमध्ये माती भरावयाची, त्यांत रोपे अगोदरच रोपवाटिकेत वाढवावयाची आणि तयार झालेले ट्रे वर नेऊन फरशीसारखे एकमेकांना लावून ठेवावयाचे, अशी ही पद्धत आहे. एका ट्रेची लांबी-रुंदी साधारण दोन-दोन फूट आणि खोली चार इंचांच्या आसपास असते. तळाला भोके असतात आणि खाली पाणी वाहून जाण्यास पोकळी ठेवलेली असते. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत ही पद्धत उत्तर अमेरिकेत रुळली. सलग थराच्या हरित छपरांची परंपरा मुख्यतः जर्मनीची असून तेथे अशा छपरांसाठी लिखित तांत्रिक निकष १९८० च्या दशकापासून आहेत. विक्रेते ट्रेचे वर्णन अर्थातच हिरवाईच्या भाषेत करतात. परंतु ज्याचे आयुष्यभराचे भविष्यनिर्वाह निधीचे पैसे दोन खोल्यांच्या सदनिकेत अडकले आहेत, त्या शिक्षकाने वा कारकुनाने या वस्तूकडे निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. ट्रे मोजता येतो आणि उचलता येतो, हे त्याचे खरे मोल आहे. त्यापुढे त्याची हिरवाई दुय्यमच ठरते.

हिरव्या छपराने लाभ होतो की नाही, याविषयी फारसा वाद उरलेला नाही. अमेरिकेतील शिकागो शहरात जुलै १९९५ मध्ये उष्णतेची भीषण लाट आली आणि तीत सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या काळात शहराने उष्णतेकडे नागरी प्रश्न म्हणून पाहण्यास आरंभ केला आणि २००१ मध्ये आपल्या सिटी हॉलच्या छपरावर सुमारे वीस हजार चौरस फुटांची बाग पूर्ण केली. ही बाग ट्रेची नव्हे. पण तिने एक प्रयोग आपोआप घडवून आणला. ती वास्तू दुहेरी मालकीची आहे. अर्धा भाग शहराचा, तर उरलेला अर्धा ज्या कुक परगण्यात ते शहर आहे त्या परगण्याचा. शहराने आपला अर्धा भाग हिरवा केला आणि परगण्याचा भाग काळा डांबरीच राहिला. एकच इमारत, एकच ऊन, एकच वारा आणि दोन छपरे! त्या वर्षीच्या ऑगस्टमधील एका दुपारी मोजमाप घेतले तेव्हा डांबरी पृष्ठभाग सुमारे ७६ अंश सेल्सियस तापला होता, तर झाडे लावलेला भाग ३३ ते ४८ अंशांच्या दरम्यान होता. अर्थशास्त्राला प्रयोगशाळा नसते असे विद्यार्थ्यांना शिकवले जाते. येथे एका सामाईक भिंतीने ती मिळवून दिली.

लाभ सिद्ध झाला म्हणून प्रश्न सुटत नाही. तो पेलणारा स्लॅब मूळ कशासाठी बांधला होता, हे पाहावे लागते.

भारतीय मानक ८७५ च्या १९८७ च्या दुसऱ्या भागानुसार माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरमागे साधारण दीडशे किलोचा चल भार गृहीत धरला जातो. केवळ दुरुस्तीपुरते जाण्याच्या छपरासाठी तो त्याच्या निम्मा असतो. आता बागेतील साधी माती घ्या. पावसात भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरला पावणेदोन-दोन टनांपर्यंत जाते. म्हणजे अवघ्या दहा सेंटिमीटरचा थर चौरस मीटरमागे एकशे ऐंशी किलोच्या घरात गेला. दोनशे चौरस मीटरच्या मध्यम गच्चीवर हे ओझे ३६ टन होते. शिवाय हे दीडशे किलो माणसांसाठी, कोजागरीच्या दुधासाठी आणि पापड-कुरडया वाळवणाऱ्या गृहिणींसाठी राखलेले असतात. मातीने ते आधीच खाऊन टाकले तर उरते काय?

या ठिकाणी महाराष्ट्राला आपल्याच घराकडे वळून पाहावे लागेल. मातीचे छप्पर ही आपल्याकडे परदेशी कल्पना नाही. खानदेशात धाब्याची घरे आहेत आणि सोलापूर-मराठवाड्याकडे माळवदाची. तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि वर मातीचा जाड थर, अशी ही रचना असते. उन्हाळ्यात त्या घराइतकी थंड जागा गावात दुसरी नसे. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकून ती चोपून बसवणे हे घरधन्याचे दरवर्षीचे काम असे आणि श्रावणात वर उगवलेले गवत उपटून काढणे हे दुसरे. गवताची मुळे खोल गेली की पाणी आत शिरते, हे त्याला कोणा अभियंत्याने सांगितलेले नव्हते. मात्र एक गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नाही. दरवर्षी घातलेली माती कोणी उतरवीत नव्हते. आजोबांनी घातलेल्या थरावर वडिलांचा थर, त्यावर मुलाचा. एकेका वर्षाची भर किरकोळ. बेरीज मात्र कोणी केली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे आपापल्या घरांतच गाडली गेली. मातीत बांधलेल्या गोट्यांच्या भिंती हे त्या संहाराचे मुख्य कारण होते; पण त्या भिंतींच्या माथ्यावर पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या मातीचे ओझेही होते, हे विसरता येत नाही.

शहरातील सुशिक्षित माणूस म्हणेल की, काँक्रीटच्या इमारतीला माळवदाचा दाखला कशासाठी? त्याने आपल्या सोसायटीच्या गच्चीवर उभे राहून जिन्याच्या दाराचा उंबरठा पाहावा. बांधकामाच्या वेळी तो किती उंच होता आणि आज किती उरला आहे? गळती सुरू झाली की ठेकेदार येतो आणि विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतो. दहा-बारा सेंटिमीटर जाडीचा हा कोबा चौरस मीटरमागे दोनशे किलोच्या आसपास भरतो. एक कोबा मूळ आराखड्यात धरलेला असतो. पंधरा वर्षांनी पुन्हा गळती होते. जुना कोबा फोडून खाली उतरवण्याचा खर्च कमिटीला परवडत नाही. म्हणून नवा कोबा जुन्यावरच चढतो. यालाही माळवद म्हणावयास हरकत नाही. केवळ मातीऐवजी वीट आणि सिमेंट आले. अशा गच्चीवर बाग करावयाची तर ती कोणत्या हिशेबात बसवावयाची? तिच्यासाठी राखीव असे काही स्लॅबमध्ये शिल्लकच नसते, ही अनेक जुन्या इमारतींची वस्तुस्थिती आहे. मुंबईत तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार बंधनकारक आहे. ती तपासणी सोसायट्या एक कटकट म्हणून उरकतात. बागेचा विचार करणाऱ्या सोसायटीने तोच अहवाल प्रथम वाचावयास हवा.

ट्रेचा पहिला गुण येथे दिसतो. हलके मिश्रण भरलेला चार इंची ट्रे पूर्ण भिजल्यावर चाळीस किलोच्या आसपास भरतो आणि चौरस मीटरमागे असे जेमतेम तीन बसतात. म्हणजे भार एकशे दहा किलोच्या आगेमागे राहतो. हा आकडा विक्रेत्याच्या पत्रकातला आहे म्हणून मानण्याचे कारण नाही. एक ट्रे रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी वाण्याच्या काट्यावर चढवला की झाले. सलग पसरलेल्या मातीचे असे वजन कोणी करीत नाही. तिच्यात दरवर्षी भर पडत जाते आणि तीही माळवदाच्याच मार्गाने जाते. ट्रेला काठ असतो. काठापेक्षा जास्त माती त्यात मावत नाही. वरवर क्षुल्लक वाटणारी ही मर्यादा हेच त्याचे मोठे संरक्षण आहे.

दुसरा गुण गळतीच्या संदर्भात आहे. सलग बागेखालील जलरोधक थर फाटला तर पाणी खाली कोठे टपकते ते दिसते, आत कोठे शिरते ते दिसत नाही. स्लॅबमध्ये पाणी आडवे कितीही दूर जाऊ शकते. ते शोधण्यासाठी सारी माती उपसावी लागते. ट्रे मात्र दोन माणसे उचलून बाजूला ठेवतात, दुरुस्ती होते आणि ट्रे पुन्हा जागेवर जातात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर सलग बाग ही अविभाज्य आणि परत न फिरवता येणारी गुंतवणूक आहे. ट्रेची बाग विभाज्य आहे आणि माघार घेण्याची सोय तिच्यात आहे. ज्या निर्णयातून माघार घेता येते तो चाळीस सभासदांच्या सभेत संमत होण्याची शक्यता अधिक असते. सभेतील विरोधकाला झाडांचे वावडे नसते. त्याला भीती असते ती न उतरवता येणाऱ्या चुकीची.

या सोयीची किंमतही आहे आणि विक्रेते तिच्याविषयी बोलत नाहीत. ट्रेच्या भिंतींनी माती तुकड्या-तुकड्यांत विभागली जाते. सलग थरात एका जागी कोरडे पडले तर शेजारची ओल सरकते. ट्रेमध्ये ती सरकत नाही. बाहेरच्या ओळीतील ट्रेच्या कडा उन्हाने तापतात आणि मुळे अक्षरशः भाजतात. प्लॅस्टिक उन्हात ठिसूळ होते. कोपऱ्यांवर वाऱ्याचा उचल अधिक असतो, म्हणून तेथे हलके ट्रे ठेवणे धोक्याचे. आणि ट्रेखालच्या पोकळीत पाणी तुंबले तर डासांची पैदास होते. डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य खात्याची नोटीस यावयास तेवढे पुरते.

तथापि खरा अडसर यांपैकी कोणताच नाही. तो पाण्याचा आहे. युरोप-अमेरिकेतील उथळ छपरांवर सीडम जातीची जाड, मांसल पानांची रोपे लावतात. तेथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत असल्याने ती वरच्या पाण्यावर जगतात. आपला पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि पुढील आठ महिने चार इंच मातीला आकाशातून काही मिळत नाही. उन्हाळ्यात चौरस मीटरमागे दिवसाला चार लिटर पाणी धरले, आणि हे अनुमान काटकसरीचेच आहे, तरी दोनशे चौरस मीटरच्या बागेला रोज आठशे लिटर लागतात. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटरचे प्रमाण आपल्याकडे गृहीत धरले जाते. म्हणजे ही बाग सहा माणसांचे पाणी पिणार! ज्या सोसायट्या एप्रिल-मे महिन्यांत टँकर मागवतात त्यांनी गच्ची हिरवी ठेवण्यासाठी आणखी एक टँकर मागवावा, याला पर्यावरणरक्षण म्हणणे कठीण आहे. उत्तर रोपांच्या निवडीत काही अंशी सापडते. घोळ, पानफुटी, कोरफड आणि सकाळी उमलून दुपारी मिटणारी म्हणून ‘ऑफिस टाइम’ या नावाने ओळखली जाणारी फुलझाडे उथळ, तापलेल्या मातीत तग धरतात. उन्हाळ्यात बाग थोडी पिवळी पडली तर पडू द्यावी. विलायती हिरवळीचा हट्ट मात्र धरू नये. ती परवडणारी नाही.

मग हा खर्च करावयाचा कोणी? येथे हिशेब वाकडा आहे. सात मजली इमारतीत बागेमुळे गारवा मिळतो तो प्रामुख्याने सातव्या मजल्याला. गच्ची मात्र सर्वांची आणि उपविधींनुसार गच्चीची दुरुस्तीही सर्वांच्या खर्चाने. तिसऱ्या मजल्यावरील निवृत्त मुख्याध्यापकाने मेंटेनन्समधून सातव्या मजल्याच्या गारव्याला हातभार का लावावा, याचे उत्तर सोपे नाही. केवळ गारवा हवा असेल तर गच्चीला पांढरा परावर्तक रंग देणे किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची पांढरी फरशी बसवणे कितीतरी स्वस्त पडते. बागेचा जो अधिकचा लाभ आहे तो इमारतीबाहेरच्यांना मिळतो. पावसाचे पाणी गटारात उशिरा व कमी पोहोचते आणि परिसराची हवा थोडी निवते. ज्याचा लाभ दुसऱ्याला त्याचा खर्च स्वतः करण्यास कोणी आपखुशीने पुढे येत नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातले हे तत्त्व सोसायटीच्या सभेत तंतोतंत खरे ठरते.

जर्मनीने हा वाकडेपणा किमतीने सरळ केला. तेथील अनेक शहरांत सांडपाण्याचे शुल्क दोन भागांत विभागले आहे. एक नळाच्या वापरावर आणि दुसरे पावसाचे पाणी ज्या पक्क्या पृष्ठभागावरून गटारात जाते त्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर. ज्याचे छप्पर हिरवे त्याचे दुसरे शुल्क कमी होते. कित्येक ठिकाणी ते निम्म्यावर येते. कॅनडातील टोरांटो शहराने हुकमाचा मार्ग निवडला होता. २००९ मध्ये संमत झालेल्या आणि २०१० पासून लागू झालेल्या उपविधीने दोन हजार चौरस मीटरांवरील नव्या इमारतींना छपराचा ठरावीक हिस्सा हिरवा करणे भाग पाडले. आपल्याकडे हुकमाची कमतरता कधीच नसते. कमतरता असते ती तपासणीची. पर्जन्यजल संधारणाचा खड्डा परवान्यापुरता खणणे आणि परवाना मिळताच तो बुजू देणे, हा अनुभव नवा नाही. त्यापेक्षा शुल्काचा मार्ग बरा. पुण्यात सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत यांसाठी मालमत्ताकरात पाच ते दहा टक्के सवलतीची तरतूद आहे. हलक्या हरित छपराला त्या यादीत स्थान देता येईल, पण प्रकल्प चालू आहे याची दरवर्षी खात्री करूनच.

येथेही अतिशयोक्ती नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर हे एक लाख ८८ हजार लिटर पाणी होते. चार इंची ट्रेने तीस मिलिमीटर पाऊस शोषला असे धरले, तर तो वाटा सहा हजार लिटरांचा आणि तोही माती आधी कोरडी असती तर. जुलैच्या शेवटी मुंबईत माती कोरडी कोठून असणार? तेव्हा मुंबईच्या पुरावर गच्चीवरच्या बागा हा उपाय सांगणारे स्वतःची फसवणूक करून घेत आहेत. पुण्यासारख्या शहरात, जेथे पाऊस मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आणि पुष्कळदा बेताच्या सरींनी पडतो, तेथे हीच बाग अधिक कामाची ठरेल.

ट्रे परदेशातूनच आणावेत असेही नाही. पोर्ट ट्रस्टच्या मुंबईतील उपाहारगृहाच्या गच्चीवर या शतकाच्या आरंभी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर भाज्या-फळे पिकवण्यास सुरुवात झाली. श्री. अ. दाभोलकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने तर त्याच्याही आधीपासून घराच्या आवारात, थोड्या जागेत आणि पालापाचोळ्यावर पीक घेण्याचा पुरस्कार केला. मंडईत शंभर-दीडशे रुपयांना मिळणारा जुना फळांचा क्रेट, आत जाळी, रसवंतीवरील उसाची चिपाडे, सुका पाला, थोडे शेणखत आणि मूठभर माती, एवढ्यावर ट्रे तयार होतो. तो वजनाने हलका असतो. त्याचे वैगुण्य एकच की, सेंद्रिय भरण कुजून बसते आणि दरवर्षी पुन्हा भरावे लागते. म्हणून परदेशातील छपरांत न कुजणारे हलके खनिज खडे वापरतात. क्रेटमध्ये भर घालताना ती काठापर्यंतच घालावयाची, एवढे पथ्य पाळले की माळवदाची चूक टळते.

गच्चीवर हक्क सांगणारे आणखीही आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे अठरा हजार रुपयांचे अनुदान ठरवले गेले. लिफ्टचे आणि पंपाचे वीजबिल कमी करणारे पत्रे आणि शोभेचे ट्रे यांत सभासद काय निवडतील हे सांगावयास नको. आणि त्यांना दोषही देता येणार नाही. मोठ्या गच्चीवर दोन्ही बसतात. छोट्या गच्चीवर बागेने मागे सरावे.

तरीही ज्या सोसायटीला ही बाग करावयाची आहे तिने सारी गच्ची एका ठरावात हिरवी करण्याच्या फंदात पडू नये. संरचना अभियंत्याकडून उरलेल्या भारक्षमतेचा आकडा लेखी घ्यावा. कोब्याचे थर किती आहेत ते एका कोपऱ्यात फोडून पाहावे. मग तुळईच्या वर किंवा कठड्यालगत, अभियंता दाखवील त्या जागी दहा-बारा ट्रे एक पावसाळा आणि एक उन्हाळा ठेवावेत. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार त्या सभासदाचे नाव इतिवृत्तात नोंदवावे. ‘सर्वांनी मिळून’ असे लिहिलेली बाग फाल्गुनातच वाळते. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाच्या पाइपाच्या तोंडाजवळचे ट्रे उचलून जाळीवरचा पाला काढावा, मगच ते पुन्हा जागेवर ठेवावेत.